सोलापूरच्या विमानाचा हिशेब

१७ कोटी ९७ लाख ५५ हजार २०० रुपये. सोलापूर-पुणे-मुंबई विमानसेवेसाठी राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२५मध्ये एका वर्षाकरता मंजूर केलेली ही रक्कम. बातमीत असा आकडा दिसला की डोळे आपोआप पुढच्या ओळीवर जातात. पण हा आकडा उलगडून बघण्यासारखा आहे. स्टार एअर या कंपनीला दर आसनामागे ३,२४० रुपये द्यायचं ठरलं. एकूण रकमेला ३,२४०ने भागलं की ५५,४८० आसनं निघतात. त्यांना ३६५ दिवसांनी भागलं की रोजची १५२. आणि १५२ म्हणजे ७६ आसनांचं विमान, एकदा जाताना आणि एकदा येताना. बाकी शून्य.

म्हणजे प्रत्येक खेपेला, विमानातल्या प्रत्येक खुर्चीमागे, तिकिटाच्या पैशांवर आणखी ३,२४० रुपयांपर्यंत लागतील असं धरूनच ही सेवा आखली गेली. एका खेपेचे होतात २ लाख ४६ हजार २४०. आता सोलापूर काही आडवाटेचं खेडं नाही. महापालिकेचं मोठं शहर, चादरी-टॉवेलांची बाजारपेठ, आजूबाजूला पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट. अशा शहरातून राजधानीला जाणारं दिवसाचं एक विमान स्वतःच्या कमाईवर का उडू नये?

चिमणीमागे काय होतं

सोलापुरात विमानाचा सगळा वाद कित्येक वर्षं एका चिमणीभोवती फिरला. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाजवळ सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या वीजनिर्मिती प्रकल्पाची उंच चिमणी होती. ती विमानाच्या वाटेत येते, म्हणून विमान येत नाही, असं सांगितलं जाई. आंदोलनं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, गावात दोन तट पडले. १५ जून २०२३ला चिमणी पाडली. सप्टेंबर २०२४मध्ये नव्याने सजलेल्या विमानतळाचं उद्घाटन झालं. आणि पहिलं नियमित विमान आलं ९ जून २०२५ला, चिमणी पडून दोन वर्षं होत आली तेव्हा. तेही मुंबईचं नाही, गोव्याचं. मुंबईसाठी ऑक्टोबर २०२५ उजाडावा लागला, आणि तोवर वरचा निधी मंजूर झालेला होता.

चिमणीचा अडथळा खोटा नव्हता. पण विमानतळ तयार असणं आणि विमान येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याकडे फार उशिरा लक्षात येतं. धावपट्टी, टर्मिनल, कुंपण हे सरकार एकदा पैसे खर्च करून बांधू शकतं. विमान मात्र रोज सकाळी नव्याने परवडावं लागतं. कंपनीला ते दुसरीकडे उडवून जास्त पैसे मिळत असतील तर ते दुसरीकडे उडतं. भाषणांनी त्यात फरक पडत नाही.

एका खेपेचा खर्च

छोट्या शहरात मोठं विमान का आणत नाहीत, हा पहिला प्रश्न. इंडिगोचं नेहमीचं एअरबस ए३२० जातीचं विमान घेतलं तर त्यात १८०च्या आसपास आसनं. ती रोज भरायची तर सोलापूरसारख्या गावातून तेवढी माणसं एकाच वेळी, एकाच दिशेने निघायला हवीत. तशी ती निघत नाहीत. शिवाय त्या विमानाला धावपट्टीही लांब आणि भक्कम लागते. म्हणून छोट्या मार्गांवर दोन प्रकारची विमानं दिसतात. एक एटीआर ७२, पंख्याचं, ७० ते ७८ आसनांचं, अलायन्स एअर आणि फ्लाय ९१ या कंपन्या वापरतात ते. दुसरं एम्ब्रायर १७५, जेट, स्टार एअरकडे आहे ते ७६ आसनांचं.

सगळ्यांची आसनं ऐंशीच्या आतच कशी, असं वाटलं असेल तर त्यालाही कारण आहे. ८०पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत नियमित विमानांना लँडिंगचं शुल्क माफ, अशी सवलत आपल्याकडे वर्षानुवर्षं आहे. ४० हजार किलोंपेक्षा हलक्या विमानांच्या इंधनावरचा विक्रीकरही कायद्याने मर्यादित ठेवलेला आहे. हवाई इंधन जीएसटीच्या बाहेर असल्याने इतर विमानांच्या इंधनावर प्रत्येक राज्य आपापला व्हॅट लावतं, आणि काही राज्यांत तो चांगलाच जबर असतो. छोट्या विमानाचं अर्थकारण असं सवलतींच्या टेकूवर आधीपासूनच उभं आहे.

टेकू लागतो, कारण छोटं विमान दर माणशी महाग पडतं. ७० जणांना न्यायलाही दोन वैमानिक लागतात आणि १८० जणांना न्यायलाही दोनच. अंतर कमी असेल तर आणखी पंचाईत. सोलापूर-मुंबई हवाई अंतर साधारण साडेतीनशे किलोमीटर. त्यातला बराच वेळ धावपट्टीकडे सरकण्यात, वर चढण्यात आणि खाली उतरण्यात जातो. चढताना इंधन सगळ्यात जास्त लागतं. टायर, ब्रेक, उतरताना जमिनीचा दणका सोसणारी चाकांची यंत्रणा, हे सगळं किलोमीटरवर झिजत नाही, खेपेवर झिजतं. दोन तासांच्या उड्डाणात एकदा उतरायचं, एका तासाच्या उड्डाणातही एकदाच उतरायचं. तिकीट मात्र एका तासाचंच लावता येतं.

आता गणित. पुढचे आकडे समजण्यासाठी धरलेले गोल आकडे आहेत, कुठल्या कंपनीच्या ताळेबंदातले नाहीत. एका एटीआरचे बांधील खर्च असतात: विमान भाड्याने घेतलेलं असतं त्याचा हप्ता, विमा, वैमानिकांचे आणि तंत्रज्ञांचे पगार, कार्यालय. विमान उडो की उभं राहो, हे द्यावेच लागतात. ते दिवसाला ८ लाख धरू. आणि प्रत्येक खेपेचा वेगळा खर्च असतो: इंधन, देखभाल, विमानतळावरची हाताळणी. तो पावणेदोन लाख धरू. विमानाने दिवसात आठ खेपा मारल्या तर बांधील खर्चाचा एक लाख रुपये वाटा प्रत्येक खेपेवर पडतो. एकूण पावणेतीन लाख. दर प्रवाशामागे कंपनीच्या हातात ५,००० रुपये पडत असतील, तर ५५ प्रवाशांत खर्च निघतो. सत्तरपैकी पंचावन्न. अवघड आहे, पण जमू शकतं.

तेच विमान दिवसात चारच खेपा मारू शकलं तर? बांधील खर्चाचा वाटा खेपेला दोन लाख. एकूण पावणेचार लाख. आता ५,००० रुपयांच्या हिशेबाने ७५ प्रवासी लागतात, आणि विमानात आसनं आहेत ७०. म्हणजे विमान गच्च भरूनही तोटा.

एखाद्या मार्गावर ‘विमान रोज फुल्ल जातं, तरी बंद का केलं?’ असा लोक चिडून प्रश्न विचारतात, त्याचं एक उत्तर इथे आहे. मार्ग भरलेला असणं पुरेसं नसतं. ते विमान दिवसभरात उरलेल्या वेळेत काय करतं, यावर त्याचं नशीब ठरतं. रात्री उतरायची सोय नसलेला विमानतळ असेल तर दिवसाचे तास कमी. धुकं असेल, पावसात ढग खाली आले असतील, उपकरणांच्या मदतीने उतरण्याची सोय नसेल, तर एक खेप घिरट्या घालून परत जाते आणि त्या विमानाच्या पुढच्या तीन खेपा कोलमडतात. त्या गावात इंधन भरायची सोय नसेल तर परतीचं इंधनही येतानाच वाहून आणावं लागतं. वजन वाढतं, माणसं कमी घ्यावी लागतात.

आणि ५,००० रुपये कंपनीच्या हातात पडायचे तर प्रवाशाच्या खिशातून जास्त जातात. इकॉनॉमीच्या भाड्यावर ५ टक्के जीएसटी, सुरक्षा शुल्क, असेल तिथे विमानतळ वापराचं शुल्क. तिकिटावर साडेपाच हजारांच्या पुढचा आकडा दिसतो आणि माणूस रेल्वेचं ॲप उघडतो.

आमच्याकडच्या वडाप जीपला एक सुख असतं. माणसं भरल्याशिवाय ती हलत नाही. दोन सीट कमी असतील तर ड्रायव्हर फाट्यावर थांबून हाका मारतो. नियमित विमानसेवेला ही सोय नाही. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या दिवशी, अठरा माणसं असली तरी निघायचं. म्हणून तर तिला नियमित म्हणतात.

विमानाचा खरा स्पर्धक रात्री साडेदहानंतर सुटतो

मुंबई-सोलापूर वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ला सुरू झाली. साडेसहा तासांच्या आसपास पोचवते. विमान हवेत तासभर असतं खरं, पण घरून निघणं, तासभर आधी पोचणं, सुरक्षा तपासणी, मुंबईत उतरून फोर्टला किंवा मंत्रालयात जाणं, असं सगळं धरलं तर चार तास सहज जातात. वाचले किती? अडीच. होटगी रस्ता गावाला लागून आहे म्हणून एवढे तरी वाचतात.

त्याहून मोठा स्पर्धक सिद्धेश्वर एक्सप्रेस. रात्री जेवून गाडीत बसायचं, झोपायचं, सकाळी मुंबईत. कामाच्या तासांच्या हिशेबाने या प्रवासाला शून्य वेळ लागतो. सोलापूरचा व्यापारी हे गणित विमान कंपनीपेक्षा चांगलं जाणतो. त्याला विमान हवं असतं ते वेगळ्या कारणाने: सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायला. दिवसातून एकच खेप असेल, आणि तीही भर दुपारी, तर जाणारा मुक्कामालाच जातो. मग रात्रीची गाडी काय वाईट? सकाळी आणि संध्याकाळी अशा दोन फेऱ्या असतील तरच कामाचा प्रवासी विमानाकडे वळतो, आणि चढं भाडं देण्याची तयारी असलेला प्रवासी हाच असतो. पण दोन फेऱ्या लावायला आधी प्रवासी दिसायला हवेत. प्रवासी नाहीत म्हणून फेऱ्या नाहीत, फेऱ्या नाहीत म्हणून प्रवासी नाहीत. सरकारी निधी खरं म्हणजे हा पेच सुटेपर्यंतचा वेळ विकत घेतो.

एक फेरी रद्द झाली तर काय, हाही भाग आहे. मुंबई-दिल्ली विमान रद्द झालं तर तासाभरात दुसरं असतं. सोलापूरचं रद्द झालं तर उद्या. मंत्रालयातली सुनावणी किंवा परदेशाचं पुढचं विमान ज्याला गाठायचंय तो असा धोका दोनदा पत्करत नाही. छोट्या मार्गावर वेळ पाळणं हे भाड्यापेक्षाही महत्त्वाचं आहे, असं माझं मत.

मुंबईत उतरायला जागा नाही

प्रत्येक जिल्ह्याला मुंबईचं विमान हवं असतं. नेत्यांनाही तेच हवं असतं, कारण अधिवेशनाला जायचं असतं. आणि छोट्या विमानाने जायला देशातलं सगळ्यात अवघड ठिकाण म्हणजे मुंबईच.

मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या तासांत तासाला ४६ उड्डाणं-उतरणी होत, त्या फेब्रुवारी २०२४मध्ये केंद्राने कमी करायला लावून ४४वर आणल्या, कारण विमानं आकाशात घिरट्या घालत राहायची. प्रत्येक उतरणीची वेळ, म्हणजे स्लॉट, मोजून मिळतो. त्या एका स्लॉटमध्ये ७६ माणसं आणायची की दुबईहून तीनशे, असा प्रश्न विमानतळापुढे असतो. छोट्या विमानाचं लँडिंग शुल्क तर माफच. मग सोलापूरला, जळगावला, अमरावतीला उरलासुरला स्लॉट मिळतो, आणि तो कुणालाच सोयीचा नसतो.

फ्लाय ९१चं सोलापुरातलं पहिलं विमान गोव्याला का गेलं, याचंही उत्तर यातच आहे. या कंपनीचा तळच गोव्यातल्या मोपा विमानतळावर. विमानं रात्री तिथे राहतात, तिथे वैमानिक आहेत, तंत्रज्ञ आहेत, स्लॉट आहेत. गावाची गरज आणि कंपनीची सोय, दोन्हींचा मेळ बसला तिथे मार्ग सुरू होतो. नुसत्या गरजेवर होत नाही.

२५ डिसेंबर २०२५पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली आहेत. स्लॉटची अडचण तिथे कमी होईल. पण सोलापूरहून नवी मुंबईला उतरून पुन्हा दक्षिण मुंबई गाठायची असेल तर वाचलेले अडीच तास आणखी आटतात. ज्याला पुढे दुसरं विमान पकडायचंय, किंवा ज्याचं काम पनवेल-ठाणे पट्ट्यात आहे, त्याला मात्र फायदा.

उडान: तीन वर्षांची पैज

केंद्राने २०१६मध्ये आणलेली ‘उडान’ योजना हा पेच सोडवण्यासाठीच होती. पहिली विमानं २७ एप्रिल २०१७ला उडाली. शिमला-दिल्लीचं नाव सगळ्यांच्या लक्षात आहे, पण त्याच दिवशी नांदेड-हैदराबाद हा मार्गही सुरू झाला होता. योजनेची रचना हुशारीची होती. विमानातल्या साधारण निम्म्या आसनांचं भाडं तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपयांवर बांधायचं. त्या आसनांमागे येणारी तूट कंपनीला सरकारने द्यायची. सगळ्यात कमी तूट मागेल तिला मार्ग. तीन वर्षं त्या मार्गावर दुसऱ्या कंपनीला प्रवेश नाही. तूट भरायची ८० टक्के केंद्राने, २० टक्के राज्याने. राज्याने त्या विमानतळावरच्या इंधनाचा व्हॅट १ टक्का किंवा त्याहून खाली आणायचा, पोलीस आणि अग्निशमन फुकट द्यायचं. केंद्राच्या वाट्याचे पैसे मोठ्या मार्गांवरच्या विमानांवर उपकर लावून गोळा करायचे. थोडक्यात, मुंबई-दिल्लीचा प्रवासी नांदेडच्या प्रवाशाचं थोडं भाडं भरतो.

पैज अशी होती की तीन वर्षांत लोकांना विमानाची सवय लागेल, मार्ग रुळेल आणि मग मदत काढून घेतली तरी तो चालेल.

ती पैज किती ठिकाणी जिंकली, हे सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगने २०२३च्या अहवालात मोजलं. तिसऱ्या टप्प्यापर्यंत ७७४ मार्ग कंपन्यांना दिले होते. त्यांतले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झाले ३७१. त्यांपैकी तीन वर्षं पूर्ण केली ११२ मार्गांनी. आणि मदत थांबल्यावरही मार्च २०२३मध्ये चालू होते ५४. दिलेल्या मार्गांच्या ७ टक्के.

हा आकडा उडानवर टीका करायला सगळे वापरतात, पण तो जरा उघडून बघायला हवा. सुरूच न झालेल्यांत विमानतळच वेळेत तयार झाले नाहीत असे बरेच आहेत. आणि पहिल्याच टप्प्यात १२८ मार्गांपैकी ५० एअर ओडिशाला आणि ३४ डेक्कन चार्टर्सला मिळाले होते. जेमतेम अठरा-एकोणीस आसनांची विमानं असलेल्या छोट्या कंपन्या त्या. त्यांच्याकडे तेवढी विमानं नव्हती, वैमानिक नव्हते. आपल्याकडे जळगाव आणि नाशिकला डिसेंबर २०१७मध्ये डेक्कनची विमानं आली, फोटो निघाले, आणि पुढे फेऱ्या कधी झाल्या, कधी नाही झाल्या, मग थांबल्याच. नांदेडचं ट्रूजेट २०२२मध्ये कंपनीसकट बंद पडलं. मार्ग नापास झाला की कंपनी, हे वेगळं करून बघितलं नाही तर आपण चुकीचा धडा घेतो.

चिपीचं मात्र वेगळं. ९ ऑक्टोबर २०२१ला सिंधुदुर्गचा हा विमानतळ सुरू झाला तेव्हा व्यासपीठावर एकमेकांचं तोंड न बघणारे नेते शेजारी बसले होते. अडीच किलोमीटरची उत्तम धावपट्टी, अलायन्स एअरसारखी सरकारी कंपनी, आणि मुंबईत लाखांनी चाकरमानी. यापेक्षा चांगली सुरुवात कुठल्या छोट्या विमानतळाला मिळणार? पण गणपतीत तिकीट मिळायचं नाही, आणि ऐन पावसाळ्यात चिपीच्या सड्यावर ढग उतरले की विमान उतरायचं नाही. चाकरमानी सणाला येतो, रोज येत नाही. शिवाय जानेवारी २०२३मध्ये मोपा सुरू झाला. बांदा, दोडामार्गच्या माणसाला मोपा घराच्या दारात. तिथून मुंबईला दिवसभर विमानं, आणि स्पर्धेमुळे भाडं अनेकदा कमी. ऑक्टोबर २०२४मध्ये चिपीची तीन वर्षांची मदत संपली आणि मुंबईची फेरीही संपली. एका छोट्या विमानतळाला दुसरा मोठा विमानतळ शेजारी येणं जितकं मारतं, तितकं दुसरं काहीच मारत नाही.

टिकलं ते कुठे

कोल्हापूर-तिरुपती २०१९मध्ये इंडिगोने सुरू केलं, पुढे स्टार एअरही त्या मार्गावर आली. बालाजीचं दर्शन घेतलं की अंबाबाईचं घ्यायचं, ही रीत जुनी. प्रवासी दोन्ही टोकांना आहेत, वर्षभर आहेत, आणि रेल्वेने हा प्रवास कंटाळवाणा आहे. नांदेडचंही तसंच. ट्रूजेट गेल्यावर दोन वर्षं विमानतळ सुना होता. २०२४मध्ये स्टार एअर आली ती नांदेडला दिल्लीजवळच्या हिंडनशी आणि पंजाबातल्या आदमपूरशी जोडत. हजूरसाहिबला येणारा पंजाबचा भाविक रेल्वेने दीड दिवस घालवण्यापेक्षा विमानाचे पैसे देतो. शिर्डीला तर बाहेरून येणाऱ्यांचीच गर्दी; काकडी गावच्या माणसाने विमानाने जायची गरज तिथे नाहीच.

या तिन्हींत सारखं काय आहे ते बघा. मुंबई त्यांच्या मुळाशी नाही. जमिनीवरचा पर्याय लांबलचक किंवा फिरून जाणारा आहे. आणि विमान दोन्ही दिशांनी भरतं, एका बाजूने भरून दुसरीकडून रिकामं येत नाही. सोलापूरच्या बाबतीतही मला मुंबईपेक्षा बेंगळुरूकडे जास्त आशा वाटते. स्टार एअरचं तिथलं बस्तान मोठं आहे, सोलापूरची शिकलेली मुलं तिथे नोकरीला आहेत, आणि तिकडून तुळजापूर-अक्कलकोटला येणारे आहेत. मुंबईला जाणाऱ्याला वंदे भारत आहे, सिद्धेश्वर आहे, चौपदरी रस्ता आहे. सगळ्यात सोयीच्या मार्गावर सगळ्यात जास्त सरकारी पैसा ओतायचा, हे मला पटत नाही.

यावर सोलापूरकर म्हणेल, मुंबईहून सगळ्या जगाला विमानं आहेत, एका तिकिटात पुढे जाता येतं. मुद्दा बरोबर आहे. पण मग पुढच्या विमानाशी वेळ जुळायला हवी, सामान पुढे थेट जायला हवं, म्हणजे मोठ्या कंपनीशी तिकिटाचा करार हवा. ते झालं तर माझं मत बदलेल.

कायमची मदत चूक आहे का, हाही प्रश्न मोकळेपणाने विचारायला हवा. अमेरिकेने १९७८मध्ये विमान क्षेत्र खुलं केलं तेव्हाच छोट्या गावांची सेवा तुटू नये म्हणून अनुदानाची योजना आणली. ती आजही चालू आहे. नॉर्वेत डोंगर आणि खाड्यांमुळे रस्ता फार फिरून जातो, म्हणून तिथे सरकार निविदा काढून छोट्या विमानांच्या फेऱ्या वर्षानुवर्षं विकत घेतं. तिथे कुणी ‘आता स्वतःच्या पायावर उभे राहा’ असं म्हणत नाही, कारण ते विमान म्हणजे एसटीच समजली जाते. आपल्याकडे ईशान्येत, लडाखमध्ये, बेटांवर हाच न्याय लावायला हवा. पण सोलापूर नॉर्वेचं बेट नाही. इथे मदतीला मुदत असावी आणि मुदतीच्या शेवटी बघायचे आकडे आधीच जाहीर असावेत: किती फेऱ्या वेळेवर गेल्या, किती रद्द झाल्या, कंपनीच्या हातात दर माणशी सरासरी किती पडले, आणि पहिल्या महिन्यापेक्षा बाराव्या महिन्यात दर आसनामागची तूट किती घटली. ३,२४०ची तूट वर्षाने २,००० झाली असेल तर आणखी एक वर्ष द्यायला माझी हरकत नाही. तेवढीच राहिली असेल तर तेच पैसे दुसऱ्या मार्गावर लावावेत. ‘विमान ऐंशी टक्के भरलं’ एवढ्याने यातलं काहीच कळत नाही. ५०० रुपयांत तिकीट विकून कुठलंही विमान भरता येतं.

केंद्राने २०२५च्या अर्थसंकल्पात उडानची सुधारित आवृत्ती जाहीर केली: दहा वर्षांत १२० नवी ठिकाणं, ४ कोटी प्रवासी. अमरावतीचा बेलोरा विमानतळ एप्रिल २०२५मध्ये सुरू झालाच आहे, मुंबईच्या एटीआरसह. तिथेही रात्रीची अंबा एक्सप्रेस स्पर्धेला उभी आहे. आणि सोलापुरात होटगी रस्ता सुरू असतानाच बोरामणीच्या मोठ्या विमानतळाची चर्चा पुन्हा कानावर येते. जमीन घेऊन वर्षं झाली, माळढोक पक्ष्याच्या अधिवासाचा आणि वनजमिनीचा प्रश्न मध्ये आला. तिथे लांब धावपट्टी होईल, मोठी विमानं उतरतील, असं सांगतात. १८० आसनांची ती विमानं कोण, कुठून, आठवड्यातले किती दिवस भरणार, हे सांगणारा कागद मात्र चर्चेत कुणी पुढे ठेवत नाही. बोरामणीच्या पहिल्या निविदेआधी तो मागायला हवा.